कचेरीतील प्रिंटर : दोष आणि त्यांची कारणे

यंत्र बिघडले म्हणजे ते उघडून पाहावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. घड्याळ, सायकल किंवा शिवणयंत्र यांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी आहे. कचेरीतील प्रिंटरच्या बाबतीत मात्र, त्यातून बाहेर पडलेला कागद आधी नीट पाहणे अधिक उपयुक्त ठरते. कोणता भाग बिघडला, किती बिघडला, आणि पुष्कळदा काहीच बिघडलेले नाही, हे त्या कागदावरून कळते. तो वाचावयाचा कसा, हे समजून घेण्यासाठी प्रथम यंत्रात काय घडते हे पाहिले पाहिजे, आणि त्याचबरोबर यंत्राभोवतीच्या हवेत काय घडते हेही.

या विवेचनासाठी जयपूर शहराचे उदाहरण सोयीचे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या हवेतील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या जवळपास, कधी त्याहूनही खाली उतरते. तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि वाळवंटाकडून धुळीची वादळे येतात. तेथील लोक त्यांना ‘आंधी’ म्हणतात. जुलैत पाऊस सुरू झाला की तीच हवा दमट होते, आणि ऑगस्टमधील सकाळी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेलेली आढळते. म्हणजे एकाच खोलीतील एकाच यंत्राला तीन महिन्यांच्या अंतराने दोन अगदी भिन्न हवामानांत काम करावे लागते. राजस्थानची राजधानी असल्याने सचिवालय, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विद्यापीठ आणि असंख्य लहानमोठ्या कचेऱ्या येथे आहेत. शिवाय गल्लोगल्ली ‘ई-मित्र’ नावाची सेवाकेंद्रे आहेत. रहिवासाचा दाखला, वीजबिलाची पावती, परीक्षेचे प्रवेशपत्र असे कागद नागरिकांना तेथून छापून मिळतात. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी अशा केंद्रातील प्रिंटर बंद पडला, तर त्याची किंमत यंत्राच्या मालकापेक्षा रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्यालाच अधिक मोजावी लागते.

अक्षर कसे उमटते

चेस्टर कार्लसन हे न्यूयॉर्कमधील एका विद्युत कंपनीच्या पेटंट विभागात नोकरीस होते. कागदपत्रांच्या प्रती वारंवार लागत आणि त्या हाताने उतरविणे फार त्रासाचे होई. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अस्टोरिया या भागातील एका भाड्याच्या खोलीत त्यांनी आणि त्यांचे सहकारी ओटो कॉर्नेई यांनी एक साधा प्रयोग केला. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, अंधारात तो रुमालाने घासून त्यावर विद्युद्भार निर्माण केला, आणि ज्या काचपट्टीवर दिनांक व स्थळाचे नाव लिहिले होते ती त्यावर ठेवून प्रखर दिव्याचा प्रकाश पाडला. प्रकाश पडला तेथील भार निघून गेला. अक्षरांच्या सावलीतील भार राहिला. मग त्यावर एका वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक पूड टाकून फुंकर मारली, तेव्हा फक्त अक्षरांवरची पूड चिकटून राहिली. ती मेणकागदावर घेऊन कागद गरम केल्यावर अक्षर कायम झाले. भार देणे, प्रकाशाने लिहिणे, पूड बसविणे, ती कागदावर उतरविणे आणि उष्णतेने पक्की करणे, या पाच क्रिया आजच्या लेसर प्रिंटरमध्येही त्याच क्रमाने घडतात. झेरॉक्स कंपनीने १९५९ मध्ये या तत्त्वावरील ९१४ क्रमांकाचे यंत्र बाजारात आणले, आणि पुढे ‘झेरॉक्स काढणे’ हा शब्दप्रयोग मराठी-हिंदीत इतका मुरला की ते एका कंपनीचे नाव आहे हेही पुष्कळांना ठाऊक नसते. याच कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ मध्ये लेसर किरणांनी लिहिणारे यंत्र सिद्ध केले. १९८४ मध्ये ह्युलेट-पॅकार्डचा ‘लेसरजेट’ आला आणि हे तंत्र कचेरीच्या टेबलावर येऊन बसले.

आजच्या यंत्रात गंधकाच्या पत्र्याऐवजी प्रकाशसंवेदी लेप दिलेला एक लांबट ढोल असतो. कारागीर त्याला ‘ड्रम’ म्हणतात. त्यावर आरंभी काही शे व्होल्ट इतका ऋण भार चढविला जातो. फिरत्या आरशावरून परावर्तित होणारा लेसर किरण जेथे अक्षर हवे तेथील भार उतरवितो. टोनर म्हणजे काजळी व राळेसारखे कृत्रिम बहुवारिक यांची पूड. तिचा एकेक कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असतो. या कणांवरही ऋण भार असल्यामुळे ते ढोलाच्या भारित भागापासून दूर राहतात आणि किरणाने ‘मोकळ्या’ केलेल्या जागी जाऊन बसतात. कागदाच्या मागच्या बाजूस असलेला एक रूळ कागदाला धन भार देतो, त्यामुळे पूड ढोलावरून कागदावर ओढली जाते. शेवटी सुमारे २०० अंश सेल्सियसपर्यंत तापलेल्या रुळांमधून कागद जातो, पूड वितळते आणि तंतूंत रुतून बसते. या शेवटच्या भागाला ‘फ्यूजर’ म्हणतात.

वरील वर्णनात एक गोष्ट वाचकाच्या ध्यानात आली असेल. तापविण्याची क्रिया सोडली तर बाकी सर्व व्यवहार स्थिर विद्युतीचा आहे. आणि स्थिर विद्युतीचा हवेतील ओलाव्याशी किती निकटचा संबंध आहे, हे शाळेत कंगव्याने कागदाचे कपटे उचलून पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत असते. कोरड्या दिवशी तो प्रयोग उत्तम होतो, पावसाळ्यात फसतो.

मे महिना आणि ऑगस्ट महिना

कागद कोरडा दिसला तरी तो कधीच पूर्ण कोरडा नसतो. कारखान्यातून निघालेल्या छपाईच्या कागदात वजनाच्या सुमारे ५ टक्के पाणी असते. वेष्टन फोडताच हा कागद भोवतालच्या हवेशी देवाणघेवाण सुरू करतो. जयपूरच्या मे महिन्यात तो पाणी गमावतो. कोरडा कागद विजेचा दुर्वाहक. त्यामुळे घर्षणाने निर्माण झालेला भार त्याच्यावरून निघून जात नाही. पाने एकमेकांना बिलगतात आणि यंत्र एकाऐवजी तीन-चार पाने एकदम ओढते. अशा वेळी कारकून मंडळी कागदाचा गठ्ठा दोन्ही हातांत धरून पंख्यासारखा फडफडवितात. हा उपाय शास्त्रशुद्ध आहे, कारण पाने सुटी होऊन त्यांच्यामध्ये हवा शिरते.

ऑगस्टमध्ये याच्या उलट घडते. कागद पाणी शोषून घेतो व काही अंशी विजेचा वाहक बनतो. मग मागच्या रुळाने दिलेला धन भार कागदातून इतरत्र पाझरतो, पुडीला खेचून घेण्यास तो पुरा पडत नाही, आणि छपाई फिकट किंवा ठिपक्याठिपक्यांची येते. टोनर संपला असे समजून येथे नवे कार्ट्रिज घातले जाते. ती छपाईही तशीच फिकट येते, आणि मग दोष कंपनीच्या माथी मारला जातो. वस्तुतः त्याच यंत्रात नव्या, नुकत्याच फोडलेल्या रीममधील एक पान घालून पाहिले असते, तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. ते पान स्वच्छ छापले गेले, तर दोष कागदाचा. हा पडताळा फुकट आहे. कार्ट्रिज हजारो रुपयांचे असते.

दमट कागदाची दुसरी खोड म्हणजे वळणे. कागदाचे तंतू पाणी पिऊन लांबीपेक्षा जाडीत पुष्कळ अधिक फुगतात. फ्यूजरमधून जाताना एका बाजूचे पाणी एकदम वाफ होऊन निघून जाते, तेथील तंतू आक्रसतात आणि पान सुरळीसारखे वळते. वळलेले पान पाठपोट छपाईसाठी पुन्हा आत गेले की अडकलेच म्हणून समजावे.

या प्रदेशात आणखी एक गुंतागुंत आहे ती वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांतून पाणी गाळणाऱ्या कूलरची. उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट प्रिंटरवर येत असेल, तर बाहेर मे महिना असताना त्या कोपऱ्यात मात्र श्रावण नांदत असतो! कूलरसमोरच्या यंत्रातील कागद दमटच राहणार. सबब यंत्र झोताच्या रेषेबाहेर ठेवावे, आणि कागदाची रीम जमिनीवर किंवा खिडकीत न ठेवता कपाटात ठेवावी. रीमच्या वेष्टनाला आतून ओलावा रोखणारा लेप असतो, म्हणून ते फाडून फेकून देऊ नये. पावसाळ्यात दिवसभराला लागतील तेवढीच पाने काढून उरलेली पुन्हा त्यात गुंडाळावीत.

डागांचे अंतर मोजावे

पानावर एकच डाग वरपासून खालपर्यंत ठराविक अंतराने पुनःपुन्हा उमटत असेल, तर शाळेतील भूमिती उपयोगी पडते. यंत्रात गोल फिरणारे अनेक रूळ असतात. एखाद्या रुळावर ओरखडा किंवा चिकटलेला कण असेल, तर रुळाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक त्याचा ठसा पडतो. म्हणजे दोन डागांमधील अंतर हे त्या रुळाच्या परिघाइतके असते. परीघ म्हणजे व्यासाची ३.१४ पट. दोन डागांत ७५ मिलिमीटर अंतर भरले, तर दोषी रुळाचा व्यास सुमारे २४ मिलिमीटर. ९४ मिलिमीटर भरले, तर ३० मिलिमीटर. लहान लेसर प्रिंटरमधील ढोल बहुधा या दोन मापांच्या आसपास असतात. अंतर याहून पुष्कळ कमी, म्हणजे ३०-४० मिलिमीटर असेल, तर टोनर वाहून नेणारा किंवा भार देणारा बारीक रूळ तपासावा. बहुतेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक रुळाचे हे अंतर दिलेले असते. एक फूटपट्टी घेऊन हे मोजमाप केले, तर कारागीर येण्यापूर्वीच कोणता भाग बदलावयाचा हे कळते, आणि न बिघडलेला भाग बदलण्याचा खर्च टळतो. वर्गात करून दाखविण्यास हा प्रयोग फार चांगला आहे.

अनावृत्त डागांची भाषा निराळी. वरपासून खालपर्यंत एक सरळ पांढरी रेघ राहत असेल, तर किरणाच्या वाटेत काहीतरी आडवे आले आहे, किंवा कार्ट्रिजमधील पूड एका बाजूस सरकली आहे असे समजावे. आंधीनंतर जयपुरात पहिले कारण अधिक संभवते. तेथील धूळ इतकी सूक्ष्म असते की बंद खोलीतही आरशांवर थर बसतो. दुसरे कारण असेल, तर कार्ट्रिज बाहेर काढून आडवे धरून पाच-सहा वेळा हळूच हलवावे. पूड सारखी पसरते व आणखी काही पाने निघतात. सरळ काळी रेघ मात्र सहसा ढोलावरील ओरखडा किंवा उरलेली पूड पुसून काढणारी पट्टी झिजल्याचे लक्षण असते. तेथे हलविण्याचा उपयोग नाही. संपूर्ण पानावर राखाडी छटा येत असेल, तर ढोलावर भार पुरेसा चढत नाही.

दोष ढोलापर्यंतचा की त्याच्या पुढचा, हे ठरविण्याची एक युक्ती आहे. पान अर्धे छापले गेले असताना झाकण उघडून यंत्र थांबवावे आणि कार्ट्रिज अलगद काढून ढोलाकडे पाहावे. ढोलावर अक्षरे स्पष्ट दिसत असतील व कागदावर ती फिकट असतील, तर पूड उतरविण्याच्या क्रियेत दोष आहे. ढोलावरच ती फिकट असतील, तर दोष आधीचा. ढोलाला बोट लावू नये आणि त्याला फार वेळ उजेडात ठेवू नये. प्रकाशसंवेदी लेपाला तेज प्रकाश अपाय करतो.

कागद अडकणे

कागद अडकला की तो घाईने ओढण्याची प्रवृत्ती होते आणि खरा त्रास तेथून सुरू होतो. फाटून आत राहिलेला नखाएवढा तुकडाही कागदाची चाहूल घेणाऱ्या लहानशा तरफेला दाबून ठेवतो, आणि यंत्र कागद अडकल्याची तक्रार करीत राहते. प्रथम यंत्र बंद करून वीज तोडावी. फ्यूजरजवळ काम असेल तर निदान अर्धा तास थांबावे. तेथे भाजण्याइतकी उष्णता असते. मग पान दोन्ही हातांनी, शक्यतो ज्या दिशेने ते जात होते त्याच दिशेने, सावकाश ओढावे.

यंत्र कागद उचलतच नसेल, तर उचलणाऱ्या रबरी रुळाकडे पाहावे. कागदाला शुभ्रता यावी म्हणून त्यात खडूसारखी कॅल्शियम कार्बोनेटची पूड घातलेली असते. ती पूड आणि बाहेरची धूळ रबरावर बसून ते गुळगुळीत होते, आणि त्याची पकड सुटते. धागे न सुटणारे फडके किंचित पाण्याने ओले करून रूळ पुसला व वाळू दिला, की बहुतेक वेळा पकड परत येते. उन्हाने व वयाने रबर तडकले असेल तर मात्र ते बदलावेच लागते.

शाईचे प्रिंटर

द्रव शाई उडविणाऱ्या प्रिंटरची कथा वेगळी आहे. १९७७ मध्ये जपानमधील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एंदो यांच्या हातून डाग देण्याची तापलेली कावी शाईने भरलेल्या सुईला लागली आणि सुईच्या टोकातून शाईचे थेंब उडाले. त्यातून शाईत क्षणमात्र वाफेचा बुडबुडा उत्पन्न करून थेंब फेकण्याची कल्पना सुचली. काही कंपन्या उष्णतेऐवजी विजेने आकार बदलणारे स्फटिक वापरतात. दोन्ही प्रकारांत छिद्रे केसाहून बारीक असतात आणि शाईत मुख्यतः पाणी असते. जयपूरच्या उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस यंत्र बंद राहिले की छिद्रांच्या तोंडाशी शाई सुकते, आणि अक्षरांत पांढऱ्या आडव्या भेगा दिसतात. यंत्रातील ‘सफाई’ची आज्ञा दिली असता शाई जोराने खेचून छिद्रे मोकळी केली जातात, पण त्यात शाई बरीच खर्च होते. म्हणून ती आज्ञा लागोपाठ सात-आठ वेळा देत बसू नये. दोनतीनदा देऊन काही तास थांबावे, म्हणजे सुकलेली शाई भिजून सैल होते. त्याहून बरे म्हणजे आठवड्यातून एकदा एखादे रंगीत पान छापणे. आणि यंत्र नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावे. भिंतीवरचे बटण एकदम दाबले, तर छिद्रांवर टोपी बसण्यापूर्वीच वीज जाते आणि ती उघडी राहतात.

जेव्हा प्रिंटर निर्दोष असतो

काही तक्रारींत यंत्राचा बिलकुल संबंध नसतो. संगणकाच्या रांगेत पहिलेच काम अडून बसले, तर मागची सर्व कामे थांबतात. ते रद्द करून दोन्ही यंत्रे पुन्हा सुरू केली की रांग चालू लागते. लेसर प्रिंटर लहान यूपीएसवर जोडला, तर फ्यूजर तापताना लागणारा मोठा प्रवाह यूपीएसला पेलत नाही व सर्वच बंद पडते. तो भिंतीतील स्वतंत्र खटक्यावर जोडावा.

एक तक्रार मात्र हिंदी भाषक प्रदेशांत विशेष आढळते. कागदावर देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची अर्थहीन खिचडी उमटते. राजस्थानातील कचेऱ्यांत दीर्घकाळ ‘कृतिदेव’ व ‘देवलिस’ या अक्षरसंचांत टंकलेखन होत आले. या संचांत संगणकाच्या दृष्टीने साठविलेले असते ते रोमन अक्षरच. त्यावर देवनागरी आकाराचा मुखवटा चढविलेला असतो. तो संच नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की मुखवटा गळून पडतो. महाराष्ट्रात ‘श्रीलिपी’त टंकलिखित केलेल्या जुन्या मजकुराचीही हीच गत होते. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हा यावरील खरा उपाय; तातडीच्या वेळी मूळ संगणकावर पीडीएफ करून ती छापावी. प्रिंटरची डागडुजी करून यात काडीमात्र फरक पडत नाही.

अक्षर टिकते का

छपाई सुबक आली म्हणजे काम संपले असे नाही. ताज्या पानावर बोट घासून पाहावे. पूड निघत असेल, तर ती वितळून तंतूंत रुतलेली नाही. फ्यूजर पुरेसा तापत नाही, किंवा कागद त्याच्या मानाने जाड आहे. असा दाखला घडी घालून खिशात ठेवला, तर घडीच्या रेषेवरील नाव किंवा आकडा काही दिवसांत झडून जातो. जाड कागदासाठी संगणकावरून कागदाचा प्रकार ‘जाड’ असा निवडावा, म्हणजे कागद सावकाश सरकतो आणि त्याला अधिक उष्णता मिळते.

जयपूरला लागून असलेल्या सांगानेरात कागझी घराण्यांची हातकागदाची जुनी परंपरा आहे, आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या नावाने हातकागदाची संस्थाही तेथे उभारण्यात आली. सुती चिंध्यांपासून केलेला हा कागद देखणा व दीर्घायुषी असतो, म्हणून प्रशस्तिपत्रे व निमंत्रणे त्यावर छापण्याचा मोह होतो. पण त्याचा पृष्ठभाग खडबडीत आणि जाडी असमान असते; उंचवट्यांवर पूड बसते, खोलगट जागी पोचत नाही. फुलांच्या पाकळ्या किंवा चमकीचे तंतू घातलेला सांगानेरी कागद तर लेसर प्रिंटरमध्ये कधीच घालू नये. पाकळी करपते आणि चमकी फ्यूजरच्या रुळाला चिकटते. त्यासाठी जाळीची छपाई हाच योग्य मार्ग, आणि ती कला सांगानेरात हाताशी आहे.

पक्क्या छपाईलाही एक धोका उरतो. महत्त्वाचे दाखले लोक पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवतात. पाकीट पीव्हीसीचे असेल, तर ते लवचीक राहावे म्हणून त्यात घातलेले तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येते, टोनरच्या राळेला मऊ करते, आणि राजस्थानच्या उन्हाळ्यात ही क्रिया आणखी वेगाने होते. वर्षभराने दाखला बाहेर काढावा तो निम्मी अक्षरे प्लास्टिकवर उलटी चिकटलेली! असे पान जोराने ओढू नये, आणि जुन्या पाकिटात पुन्हा घालू नये. पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात हे द्रव्य नसते. ते वापरावे, नाही तर साधा कागदी लिफाफा.

सांडलेला टोनर झाडूने झाडू नये. तो हवेत उडतो व श्वासावाटे आत जातो. ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. हातांवर किंवा कपड्यांवर पडल्यास थंड पाण्याने धुवावा, कारण गरम पाण्याने राळ मऊ होऊन अधिकच चिकटते.